संपणं आणि बंद होणं

मराठीत आपण "सिनेमा संपला" म्हणतो, पण "मालिका बंद झाली" म्हणतो. कधी लक्षात आलंय का तुमच्या? दुकान बंद होतं, गिरणी बंद होते, नळ बंद होतो. गोष्ट संपते. मग रोज रात्री आपल्या घरात येऊन सांगितली जाणारी गोष्ट गिरणीसारखी "बंद" का होते?

हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. "तू एवढी सिनेमावेडी, मग सिरियलला नावं का ठेवत नाहीस?" असं आमच्या नात्यातली तरुण मंडळी मला नेहमी विचारतात. कारण सोपं आहे. सिनेमा म्हणजे कला आणि सिरियल म्हणजे कचरा, अशी वाटणी मला मान्य नाही. पण दोन्ही सारखंच, हेही खरं नाही. फरक आहे, तो नेमका कुठे आहे आणि कधी पडला, हे शोधायचं तर थोडं मागे जावं लागेल. फार लांब नाही, मालाडपर्यंत.

आम्ही पश्चिम उपनगरांतली माणसं. आमच्याकडे सिनेमा आणि सिरियल ही दोन्ही शेजारघरची पोरं. १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाडला 'बॉम्बे टॉकीज' काढली, तेव्हा मालाड म्हणजे मुंबईबाहेरचं गावच होतं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ विर्शिंग हे जर्मनीहून आणलेले. त्या स्टुडिओच्या प्रयोगशाळेत कामाला लागलेला एक तरुण पुढे पडद्यावर आला, तो अशोककुमार. १९३६ चा 'अछूत कन्या', १९४३ चा 'किस्मत', दोन्ही इथलेच. 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. त्याच १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार आणि त्यांचे काही सहकारी तिथून बाहेर पडले आणि पुढच्याच स्टेशनावर, गोरेगावला, त्यांनी 'फिल्मिस्तान' उभारलं.

बॉम्बे टॉकीज पन्नाशीच्या दशकात मिटली. फिल्मिस्तानचे फ्लोअर मात्र राहिले, आणि सिनेमा कमी झाल्यावर त्याच फ्लोअरवर सिरियलचे दिवाणखाने उभे राहिले. १९७७ मध्ये राज्य सरकारने गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या पलीकडे, जंगलाला लागून चित्रनगरी उभी केली. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं, पण रिक्षावाल्याला अजूनही 'फिल्मसिटी' असंच सांगावं लागतं. तिथे सेटवर बिबट्याही येतो. २०२३ च्या जुलैमध्ये एका मराठी मालिकेच्या सेटवर पिल्लासह आला होता.

आता अशोककुमार पुन्हा आठवा. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी एक वयस्कर गृहस्थ यायचे, झालेल्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलायचे आणि प्रेक्षकांपुढे प्रश्न ठेवायचे. ते अशोककुमार! मालाडच्या बोलपटापासून दूरदर्शनच्या पहिल्या मोठ्या मालिकेपर्यंतचा रस्ता एकच माणूस चालून आला होता. 'हम लोग'ची कल्पना मेक्सिकोहून आली. तिथे मिगेल साबिदो नावाच्या गृहस्थांनी कुटुंबनियोजन, साक्षरता असले विषय मालिकांमधून लोकांच्या गळी उतरवले होते. आपल्या सरकारलाही तेच हवं होतं. पण लेखक होते मनोहर श्याम जोशी. त्यांच्या हातात आल्यावर कुटुंबनियोजन मागे पडलं आणि कुटुंब पुढे आलं. १५६ भाग झाले आणि गोष्ट संपली. बरं का, संपली. बंद झाली नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. कारण या काळात सिनेमावाल्यांना दूरदर्शन कमीपणाचं वाटत नव्हतं. 'शोले'चे रमेश सिप्पी १९८६ मध्ये 'बुनियाद' घेऊन आले. लेखक पुन्हा जोशीच. लाहोरचं हवेलीराम मास्तरांचं घर गोरेगावच्या फिल्मसिटीत उभं राहिलं. श्याम बेनेगलांनी नेहरूंच्या पुस्तकावरून 'भारत एक खोज' केली, ५३ भागांची. त्यात शिवाजी महाराज झाले होते नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब ओम पुरी. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भागांचं. रामानंद सागरांचं 'रामायण' ७८ भागांचं, त्याचं शूटिंग उंबरगावला, आपल्या डहाणूच्या थोडं पुढे. अमोल पालेकरांनी १९८७ मध्ये 'कच्ची धूप' केली. त्यातली भाग्यश्री दोनच वर्षांत 'मैंने प्यार किया'त दिसली, आणि त्यातलाच एक मुलगा, आशुतोष गोवारीकर, पुढे 'लगान'चा दिग्दर्शक झाला.

या याद्या मुद्दाम देतेय. आकडे बघा. ५३, ७८, ९४, १५६. लांबी हवी तेवढी, पण शेवट ठरलेला. ही मंडळी सिनेमातून आलेली होती आणि त्यांच्या डोक्यात गोष्ट म्हणजे सुरुवात, मध्य आणि शेवट हेच होतं. फक्त एरवी तीन तासांत कोंबावं लागायचं ते इथे ऐसपैस मांडता येत होतं.

याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण म्हणजे गोविंद निहलानींची 'तमस'. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलींची गोष्ट. जवळजवळ पाच तासांचा ऐवज. त्याला सिनेमा म्हणा किंवा मालिका म्हणा, दोन्ही खरं. १९८८ च्या जानेवारीत ती दाखवायला सुरुवात झाली आणि पुढचे भाग थांबवावेत म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी सगळी मालिका बघितली, आणि मग ती दाखवायला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तेच कायम केलं.

त्या न्यायाधीशांचं मला कायम कौतुक वाटत आलंय, कारण त्यांनी जे केलं ते एरवी फार कमी लोक करतात. एक प्रसंग उचलून निकाल न देता त्यांनी पूर्ण गोष्ट पाहिली. आता जरा विचार करा, त्यांना पूर्ण पाहता आली ती कशामुळे? तिला शेवट होता म्हणून! 'तमस'मध्ये नथू एक डुक्कर मारतो. का मारायचं, कुणासाठी, हे त्याला माहीत नसतं. त्याची किंमत सगळं शहर मोजतं आणि तोही मोजतो. केलेल्या गोष्टीचा परिणाम होतो आणि तो परत फिरवता येत नाही. गोष्टीला अर्थ येतो तो इथून. आज जर एखादी मालिका कोर्टात गेली आणि न्यायाधीश म्हणाले की आधी पूर्ण बघतो, तर त्यांना निवृत्तीनंतरही बघत बसावं लागेल.

मग बदललं काय?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. उपग्रह वाहिन्या आल्या आणि दिवसाचे तास भरायचा प्रश्न उभा राहिला. आठवड्याची गोष्ट रोजची झाली. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'शांती' आली, हिंदीतली पहिली रोजची मालिका. गंमत म्हणजे तिचं कथानक घडतं ते सिनेमावाल्यांच्या बंगल्यात. एक पत्रकार मुलगी तिथे चरित्र लिहायला येते आणि घरातली अंडीपिल्ली बाहेर काढते. पुढच्याच वर्षी महेश भट्टांची 'स्वाभिमान'. मराठीत 'दामिनी'ने दुपारच्या चहाची वेळ आपल्या नावावर केली. आमच्या आत्याकडे त्या वेळी फोन केला तर "पाच मिनिटांनी कर" एवढंच ऐकू यायचं.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आली. त्यावर 'प्रपंच' होती, प्रतिमा कुलकर्णींची. समुद्राकाठचं एकत्र कुटुंबाचं घर, सुधीर जोशी. आठवड्यातून एकदा यायची आणि आपल्या गतीने यायची. त्याच वेळी विनय आपट्यांची 'आभाळमाया'ही सुरू झाली आणि चार वर्षं चालली. मग ३ जुलै २००० हा दिवस. त्या एका रात्री स्टार प्लसवर दोन कार्यक्रम सुरू झाले. एकात सिनेमाचा सगळ्यात मोठा नट गोरेगावच्या सेटवर खुर्चीत बसून लोकांना प्रश्न विचारू लागला. दुसऱ्याचं नाव 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. ती २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली, १८०० हून जास्त भाग. आपल्याकडे ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली, तीन हजारांच्या वर भाग. नाव 'चार दिवस', चालली बारा वर्षं!

त्या मालिकेतल्या सासूबाई म्हणजे रोहिणी हट्टंगडी. 'गांधी' सिनेमात कस्तुरबा झालेल्या आणि त्याबद्दल ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळालेल्या. कस्तुरबांचं आख्खं आयुष्य तीन तासांच्या सिनेमात मावलं. इथे एका सासूचं बारा वर्षांत मावेना. नटी तीच, अभिनयाची समज तीच. फरक गोष्टीच्या हिशोबात आहे.

आणि हिशोब हाच खरा मुद्दा आहे. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, आयुष्यभर लाइटमन म्हणून काम केलेले. आधी सिनेमा, नंतर सिरियल. त्यांना विचारलं, काका, फरक काय? म्हणाले, "पिक्चरमध्ये दिवसभर राबून दोन-तीन मिनिटांचं काम व्हायचं. सिरियलमध्ये दिवसाला एक एपिसोड काढायचा, म्हणजे वीस-बावीस मिनिटं." बस, एवढ्यावर सगळं आलं. पूर्वी एका शॉटसाठी लाइट लावायचे आणि काढायचे. आता लाइट वर टांगलेलेच असतात, चारी बाजूंनी सारखा उजेड, कारण कॅमेरे दोन-तीन असतात आणि कुठूनही बघतात. म्हणून सिरियलमधल्या दिवाणखान्यात सावली नसते. सकाळ, दुपार, रात्र, सगळं एकाच उजेडात. पदार्थ कोणताही असो, आमटी तीच.

दुसरं म्हणजे, सिरियल बघितली जाते त्याहून जास्त ऐकली जाते. संध्याकाळी साडेसातला बाई पोळ्या लाटत असते. तिची पाठ टीव्हीकडे. म्हणून पात्रं मनातलं मोठ्याने बोलतात, म्हणून दार वाजलं की संगीतही वाजतं, आणि म्हणून एकच धक्का तीन चेहऱ्यांवर तीनदा दाखवतात, तेवढ्यात तिने मागे वळून बघावं यासाठी. सिनेमाच्या नजरेने हे भडक वाटतं. पण हे मूळचं श्रुतिकेचं तंत्र आहे. सिरियल ही सिनेमाची गरीब बहीण आहे असं आपण धरून चालतो. मला तर ती आकाशवाणीची लेक वाटते. तिचं नाक-डोळे त्या घरचे आहेत. तिला सिनेमाचे दागिने घालून उभी केलीय म्हणून ती विचित्र दिसते.

इथवर माझी तक्रार नाही. प्रत्येक कामाची आपली रीत असते. तक्रार पुढे आहे.

रोजची गोष्ट संपवायची नसते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो. आकडा चांगला असेल तर लग्न लांबवा. पडला असेल तर अपघात घडवा, महाएपिसोड करा. तरी नाही जमलं तर लीप घ्या, वीस वर्षं उडी. ज्या गोष्टीला शेवट नाही त्या गोष्टीत कशाचाच परिणाम टिकत नाही. खलनायिका पकडली गेली की पुढच्या महिन्यात सुटते. मेलेला माणूस परत येतो, कधी कधी वेगळ्या नटाचा चेहरा घेऊन. आणि नायिका? तिने सोसायचं. सिनेमातली बाईही सोसते, पण शेवटी काहीतरी ठरवते. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'तल्या सुलभाने (स्मिता पाटील आठवा) जायचं ठरवलं आणि ती गेली. रोजच्या मालिकेत अशी ठरवणारी बाई परवडत नाही. ती गेली तर उद्या काय दाखवणार? म्हणून तिचा निर्णय रोज पुढे ढकलायचा आणि त्या ढकलण्याला 'सोशीकपणा', 'संस्कार' अशी नावं द्यायची. मला राग येतो तो इथे. हे कुणी दुष्टाव्याने करत नाही. रोजच्या हिशोबातून ते आपोआप होतं आणि आपल्या आया-बहिणी त्याला मूल्य समजून बसतात.

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर माझी आई मला जेवायला घालणार नाही.

माझी आई बोरिवलीला एकटी राहते. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. आम्ही मुलं आपापल्या घरी, धाकटा तर परदेशात. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ तिच्या घरी माणसं असतात. तिला ठाऊक आहे की ती खोटी आहेत. तिला हेही कळतं की गोष्ट ताणलीय. "ताणू दे की," म्हणते, "मला कुठे जायचंय?" सिनेमा तिला तीन तास सोबत करेल आणि निघून जाईल. सिरियल उद्या परत येते. ज्याला शेवट नाही त्याची सोबत असते, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

पण मग मला आमच्या आजीची पोथी आठवते. चातुर्मासात ती रोज दुपारी एक अध्याय वाचायची, चार बायका ऐकायला यायच्या. तीही रोजचीच गोष्ट होती आणि तीही सोबतच होती. पण तिला समाप्ती होती. शेवटच्या दिवशी आरती, प्रसाद, आणि गोडाचं जेवण. श्रावणातली प्रत्येक कहाणी 'सुफळ संपूर्ण' होऊनच थांबायची. आणि पुढच्या वर्षी तीच पोथी पुन्हा पहिल्या अध्यायापासून. म्हणजे रोजची सोबत आणि शेवट या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. आपल्याकडे त्या एकाच पाटावर बसत आल्यात.

टीव्हीवरही बसल्या आहेत, अगदी रोजच्या मालिकांच्या काळात. सतीश राजवाडेंची 'असंभव' (२००७ ते २००९) आठवते? रोज यायची, पण कुठेतरी पोचायला निघालेली होती. लगेच नंतर त्यांचीच 'अग्निहोत्र'. नाशिकचा वाडा आणि आठ गणपती. आठ म्हटल्यावर प्रेक्षकाला मोजता येतं. सातवा सापडला की कळतं, आता जवळ आलं. त्याच राजवाडेंनी २०१० मध्ये 'मुंबई-पुणे-मुंबई' हा सिनेमा केला, फक्त दोन माणसांचा, आणि त्याच दोघांना घेऊन २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ही मालिका. उलट बाजूने महेश कोठारे. 'धूमधडाका' आणि 'झपाटलेला' करणारा माणूस २०१४ मध्ये 'जय मल्हार' घेऊन छोट्या पडद्यावर आला. मराठीत ही ये-जा कधी थांबलीच नाही. आपल्याकडे माणसं तीच, पैसा थोडा, त्यामुळे भिंतही पातळ.

सिरियलचा हा न थांबणारा पट्टा थांबतो तेव्हा काय होतं, हे आपण तीनदा पाहिलंय. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कामगार संघटना आणि निर्माते यांच्या वादात शूटिंग थांबलं आणि वाहिन्यांवर जुने भाग लागले. दिवसाला बारा-बारा तास राबणारे लाइटमन, स्पॉटदादा, मेकअपवाले या मालिकांमागे असतात, हे तेव्हा पहिल्यांदा अनेक घरांना कळलं. मग २०२० चा मार्च. सगळंच थांबलं, आणि दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लावलं. आख्खा देश बसून ७८ भागांची, शेवट पाठ असलेली गोष्ट बघत होता! पुढे काय होणार हे माहीत नसतानाच लोक बघतात, ही वाहिन्यांची समजूत त्या एप्रिलमध्ये खोटी ठरली. जूनअखेर शूटिंग पुन्हा सुरू झालं, पण ६५ च्या वरच्यांना सेटवर यायला मनाई. पडद्यावरच्या घरांतून आजी-आजोबा एकदम नाहीसे झाले. कुणी गावी गेले, कुणी फोनवरून बोलू लागले. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला तेव्हा ते परतले. ज्येष्ठ नटांचं पोट त्यावर होतं, ही त्यातली गंभीर बाजू. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हा कुणी गोव्याला गेलं, कुणी सिल्वासाला, कुणी हैदराबादला. आकडा पडू नये म्हणून आख्खी घरं बोचकी बांधून निघाली.

दरम्यान आमचे शेजारीही चालले. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ, १९४८ चा. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्याला आग लागली ती टीव्हीच्या एका नाचाच्या कार्यक्रमाच्या सेटवर. राज कपूरच्या सिनेमांमधले कपडे आणि कितीतरी वस्तू त्यात गेल्या. दोन वर्षांत ती जागा बिल्डरकडे गेली. फिल्मिस्तानही २०२५ च्या जुलैमध्ये १८३ कोटींना एका बांधकाम कंपनीने घेतल्याची बातमी आली. मालिका आता मालाडहून २७१ नंबरच्या बसने जावं लागतं त्या मढच्या बंगल्यांत, मिरा रोडच्या आणि नायगावच्या शेडमध्ये, घोडबंदरला होतात. स्टुडिओच्या बाबतीत आम्हा उपनगरवाल्यांना संपणं कसं असतं ते नीट माहीत आहे.

आणि गंमत अशी की याच काळात शेवट परत आलाय, मोबाइलवर. 'सेक्रेड गेम्स' (२०१८), 'स्कॅम १९९२' (२०२०), मराठीत सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' (२०२०), दिग्दर्शक पुन्हा राजवाडेच. २०२४ ची 'मानवत मर्डर्स' आठ भागांची, आणि त्यात रमाकांत कुलकर्णी झालाय आशुतोष गोवारीकर! 'कच्ची धूप'चा तो मुलगा साठीला येऊन पुन्हा मालिकेत, आणि पुन्हा शेवट असलेल्या मालिकेत. सिनेमावाले १९८६ सारखे परत आलेत. पण तेव्हा 'बुनियाद' चाळीतल्या एका टीव्हीसमोर वीस जण बघत होते. आता आठही भाग माझी मुलगी एका रात्रीत कानात बोंडं घालून एकटी बघते. शेवट मिळाला, सोबत गेली.

म्हणजे आजचा हिशोब असा. आईकडे सोबत आहे, शेवट नाही. मुलीकडे शेवट आहे, सोबत नाही. आजीच्या पोथीत दोन्ही होतं, दूरदर्शनच्या त्या पाच-सहा वर्षांत दोन्ही होतं. मालिकेने सिनेमासारखं दिसावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. तिचा उजेड, तिचं संगीत, तिचे तीन-तीन चेहरे तिला लखलाभ. फक्त तिने सिनेमाकडून आणि पोथीकडून एवढी एक गोष्ट घ्यावी. सुरू होतानाच सांगावं की आम्ही दोनशे भागांत गोष्ट सांगू, आणि दोनशेव्या भागात ती सांगून संपवावी. मग नवी गोष्ट सुरू करा, त्याच वेळेला, हवं तर त्याच माणसांना घेऊन. आईची साडेसातची सोबतही राहील आणि नायिकेला एकदाचं काहीतरी ठरवताही येईल.

२०२५ च्या जुलैमध्ये 'क्योंकि सास भी...' नव्या भागांसह पुन्हा सुरू झाली, सतरा वर्षांनी. संपलेली गोष्ट अशी परत सुरू करता येत नाही. बंद झालेली येते.

तुम्हाला नीट संपलेली म्हणून आठवणारी शेवटची मालिका कोणती? आमच्या घरात यावरून तीन तट पडलेत, तुमचंही मत कळवा. आत्या, तू 'दामिनी' म्हणणार हे मला माहीत आहे. दुसरं नाव सांग.